‘१००% पूर्ण’ म्हणजे नक्की काय पूर्ण?

आजचा विषय रुक्ष आहे, आधीच सांगतो. निवडणूक नाही, खड्डे नाहीत, पाणीप्रश्न नाही. पण तुमच्या घरात कुणी शिक्षक, नर्स, बँकेतला कर्मचारी किंवा सरकारी नोकर असेल, तर गेल्या पाच-सहा वर्षांत त्यानं मोबाईलवर कसलं ना कसलं ऑनलाईन ट्रेनिंग केलेलं असणारच. आणि शेवटी पडद्यावर ‘१००% पूर्ण’ असं हिरवं वर्तुळ यावं म्हणून जिवाचा आटापिटाही केला असणार. वर्तुळ आलं तर सर्टिफिकेट, नाही आलं तर नोटीस. ते वर्तुळ नेमकं कोण ठरवतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो. कोर्स बनवायचे, संस्थांच्या सिस्टीमवर चढवायचे, आणि चढले नाहीत की ते का चढले नाहीत हे रात्री बारापर्यंत शोधत बसायचं. त्यामुळे या वर्तुळाच्या पाठीमागचा कारभार थोडाफार माहीत आहे.

पहिली गोष्ट. कोर्स आणि सिस्टीम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक वेळा बनवणारेही वेगळे असतात. सिस्टीम म्हणजे एलएमएस. तिथं तुमचं नाव, पासवर्ड, कुणाला कुठला कोर्स दिला, कुणाचा झाला, याचा हिशोब असतो. कोर्स म्हणजे एक झिप फाईल. तिच्यात पानं, चित्रं, आवाज, प्रश्न, आणि आत काय काय आहे याची एक यादी. आता एका कंपनीचा कोर्स दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमवर चालायचा तर दोघांना एकमेकांची भाषा यायला हवी. ती भाषा ठरवून दिलेली आहे, तिचं नाव स्कॉर्म. तिची सगळ्यात जास्त वापरली गेलेली आवृत्ती १.२, ऑक्टोबर २००१ मधली. तेव्हा आपल्याकडे मोबाईलवर इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे. ती आवृत्ती आजही सर्रास चालते. मी गेल्या महिन्यातच एक कोर्स १.२ मध्ये बनवून दिला.

हे बोलणं चालतं कसं? कोर्स ब्राउझरमध्ये उघडतो आणि पहिल्यांदा आजूबाजूच्या खिडक्यांमध्ये सिस्टीमनं ठेवलेला एक दुवा शोधतो. सापडला की सांगतो, “मी सुरू झालो.” मग अधूनमधून निरोप पाठवतो. माणूस अमुक पानावर आहे, इतके मार्क पडले, इतका वेळ गेला. शेवटी सांगतो, “मी संपलो.” सिस्टीम हे सगळं निमूटपणे वहीत उतरवून घेते. माणूस पडद्यासमोर बसलाय की चहाला गेलाय, हे तिला दिसत नाही. सिस्टीमला डोळे नाहीत, फक्त कान आहेत, आणि ते कान फक्त कोर्सचं ऐकतात.

आणि निकालासाठी १.२ मध्ये शब्द किती? सहा. पास्ड, कम्प्लीटेड, फेल्ड, इन्कम्प्लीट, ब्राउज्ड आणि नॉट अटेम्प्टेड. रकाना एकच, आणि त्यात या सहापैकी एकच शब्द बसतो. कोर्स पूर्ण पाहिला का आणि परीक्षेत पास झाला का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण उत्तराला जागा एकच. ही अडचण पुढच्या, म्हणजे २००४ च्या आवृत्तीत दूर केली, दोन रकाने केले. पण तोवर जग १.२ वर स्थिरावलं होतं.

आता हे एवढं का सांगतोय? गेल्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयानं मला बोलावलं. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. रुग्णालयातला कचरा कसा वेगळा करायचा, याचं ट्रेनिंग प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा द्यावंच लागतं. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ तसं सांगतात. किती जणांना दिलं, किती राहिले, हे वार्षिक अहवालात लिहून ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं असतं. म्हणून त्यांनी एक मराठी कोर्स विकत घेतला होता, टॅबलेटवर करायचा. आणि सफाईच्या मावशी, वॉर्डबॉय अशा दहा-बारा जणांच्या नावापुढं काही केल्या ‘इन्कम्प्लीट’ जात नव्हतं. एचआरनं त्यांना लेखी विचारणा केली होती. एका मावशींची वेतनवाढ त्या कागदाला अडकून बसलेली.

मेट्रन मॅडमनी मावशींना समोर बोलावलं. मावशी हात जोडूनच आत आल्या, जणू काही चोरी पकडली गेलीय. म्हणाल्या, “तीनदा केलं ओ सर म्या. पोरीला बसवून वाचून घेतलं.” मी विचारलं, सलाईनची नळी कुठं टाकायची? “लाल.” रक्ताचा कापूस? “पिवळी.” सुई? “पांढऱ्या डब्यात, टोपण न लावता.” फुटलेली काचेची बाटली? “निळ्यात.” एकही चुकलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या एचआरच्या पोराला निळ्यात काय टाकतात ते आठवेना, हे आपलं जाता जाता.

मग नोंदी उघडल्या. मावशींच्या नावापुढं मार्क होते ८०. म्हणजे परीक्षा दिलेली होती, निरोप पोचला होता. स्थिती मात्र ‘इन्कम्प्लीट’. कारण शोधायला दुपार गेली. कोर्स बनवणाऱ्यानं शेवटच्या पानावर ‘समाप्त’ असं एक बटण ठेवलं होतं, आणि ते दाबलं तरच ‘कम्प्लीटेड’ हा शब्द सिस्टीमकडे जाणार अशी रचना होती. कॉम्प्युटरवर ते बटण दिसायचं. टॅबलेट आडवा धरला की ते पडद्याच्या खाली जायचं. वर मोठ्या अक्षरात ‘अभिनंदन!’ आलेलं. अभिनंदन झाल्यावर माणूस अजून खाली कशाला सरकवेल? मावशी टॅब बंद करून पुढच्या माणसाच्या हातात देत होत्या. तीनही वेळा.

तसंच आणखी एक. जुन्या कोर्सची सवय अशी, की पान बंद होता होता शेवटचा निरोप पाठवायचा. दुकानाचं शटर ओढता ओढता आत राहिलेल्या माणसाला हाक मारावी, तसं. २०२० मध्ये क्रोमनं पान बंद होतानाचे असले थांबवून धरणारे निरोप बंद केले. ब्राउझरच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता, पान अडकून बसायचं. पण त्याच वर्षी सगळी दुनिया घरी बसून ऑनलाईन ट्रेनिंग करू लागली. कितीतरी लोकांनी कोर्स केला, खिडकी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी परत शून्य. “नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल,” असं सांगून सगळ्यांनी वेळ मारून नेली.

याच रुग्णालयाच्या त्याच यादीत उलटा प्रकारही निघाला. चाळीस मिनिटांचा कोर्स तीन मिनिटांत ‘पास्ड’. एक नाही, बरीच नावं. पुढचं पान, पुढचं पान करत सुटायचं, परीक्षेची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलीच असतात. त्यांना कुणी कागद दिला नव्हता, कारण त्यांची वर्तुळं हिरवी होती. आणि ज्याला ब्राउझरचं तंत्र कळतं तो तर कोर्स न उघडता ‘पास्ड’ हा शब्द सिस्टीमच्या कानात सांगू शकतो. १.२ मध्ये हे रोखायची सोयच नाही. कोर्स माणसाच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि सिस्टीम त्याच्यावर विश्वास ठेवते, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

रोजगार हमीचं मस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नवीन वाटणार नाही. मस्टरवर नाव आहे म्हणजे माणूस खड्डा खणत होता असं नाही, आणि नाव नाही म्हणजे तो घरी झोपला होता असंही नाही. तरी मस्टर लागतंच. फक्त मस्टर म्हणजे काम नव्हे, एवढं ध्यानात ठेवून ते वाचावं लागतं. कागदी मस्टरबद्दल आपल्याला हे कळतं. पडद्यावर तेच आलं की मात्र आपण ते पंचांगासारखं मानतो.

तुम्ही म्हणाल, मग हे स्टँडर्ड काय कामाचं? तर त्याच रुग्णालयाची आधीची चार वर्षं सांगतो. या कोर्सच्या आधी त्यांनी एका कंपनीकडून सगळं एकत्र घेतलं होतं. कोर्सही त्यांचे, सिस्टीमही त्यांची, कुठलंच स्टँडर्ड नाही. स्वस्त पडलं, दिसायला देखणं होतं. करार संपला, कंपनीनं दर वाढवले, ट्रस्टनं नको म्हटलं. मग हातात काय आलं? काही व्हिडिओ आणि एक एक्सेल शीट. शीटमध्ये नाव, कोर्सचं नाव आणि ‘कम्प्लीटेड’. तारीख नाही, मार्क नाहीत, कितव्यांदा केला ते नाही. मागितलं तर उत्तर आलं, “आमचा फॉरमॅट वेगळा आहे, बाहेर काढता येत नाही.” चार वर्षांचं ट्रेनिंग, तपासणीला कुणी आलं तर दाखवायला एक शीट. आणि कोर्स? ते त्या सिस्टीमच्या बाहेर उघडतच नव्हते. पैसे भरून घेतलेली वस्तू घराबाहेर नेली की चालत नाही. अशा वस्तूला आपण विकत घेतलेली म्हणतो का भाड्यानं घेतलेली?

स्टँडर्ड जन्माला आलं ते अगदी याच दुखण्यातून. १९८८ मध्ये विमान उद्योगातल्या लोकांनी एक समिती केली, एआयसीसी नावाची. विमान बनवणाऱ्या कंपन्या आपापलं ट्रेनिंग देत आणि विमान कंपन्यांकडे ते चालवायला वेगवेगळी यंत्रं लागत. पुढं अमेरिकेच्या संरक्षण खात्याला तोच त्रास झाला. वेगवेगळ्या दलांनी तेच ते कोर्स पुन्हा पुन्हा बनवून घ्यायचे, कारण एकाचं दुसऱ्याकडे चालायचं नाही. तिथं १९९७ मध्ये एडीएल नावाचा उपक्रम सुरू झाला आणि २००० मध्ये स्कॉर्मची पहिली आवृत्ती आली. एकदा विकत घ्या, कुठंही चालवा. हेतू शैक्षणिक कमी आणि खरेदी खात्याचा जास्त. म्हणूनच मला तो आवडतो. जनतेचा पैसा दोनदा जाऊ नये, यासाठी कुणीतरी बसून नळाचे आटे एकसारखे करून ठेवले.

मात्र हे आटे पाडताना आपण त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतो. १.२ च्या नियमपुस्तकात कर्मचाऱ्याचं नाव, शेरा अशा मजकुरासाठी जी जागा आहे, तिची व्याख्या ‘आस्की अक्षरं’ अशी आहे. आस्की म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. देवनागरी त्यात नाही. बऱ्याच सिस्टीम आज देवनागरी घेतात, पण नियमानं त्या बांधील नाहीत. मावशींच्या रिपोर्टमध्ये त्यांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली होती, ती यामुळंच. २००४ च्या आवृत्तीत सगळ्या लिप्यांची सोय झाली. अजून एक मर्यादा अशी, की माणूस अर्ध्यावर उठला तर कुठवर आला होता ही खूण ठेवायला १.२ मध्ये ४,०९६ अक्षरांची जागा आहे. कोर्स लांबलचक असेल, प्रश्न भरपूर असतील, तर ती भरते. मग माणूस ऐंशीव्या पानावरून चहाला जातो आणि परत येतो तो पहिल्या पानावर. ज्यांनी ज्यांनी “अ‍ॅपनं माझी प्रोग्रेस खाल्ली” म्हणून शिव्या घातल्यात, त्यातल्या काहींच्या पाठीमागं ही भरलेली पिशवी असते.

यावर उपाय म्हणून नवं स्टँडर्ड आलं, एक्सएपीआय. त्याची १.० आवृत्ती एप्रिल २०१३ ची. यात नोंद वाक्यासारखी होते. कर्ता, क्रियापद, कर्म. शाळेतलं व्याकरण. ‘सुनीतानं प्रश्न सोडवला’, ‘सुनीतानं व्हिडिओ थांबवला’. ब्राउझरच हवा असं नाही, नेट नसताना नोंदी साठवून नंतर पाठवता येतात. डोंगराळ भागासाठी हे वरदान. आपल्याकडच्या दीक्षा मंचानं मात्र वेगळी वाट घेतली. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेला, बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमागं जो असतो तोच. तो सनबर्ड या मुक्त स्रोत प्रणालीवर उभा आहे आणि त्याची नोंदींची स्वतःची पद्धत आहे. ती सगळ्यांना वाचता येईल अशी उघड्यावर मांडलेली आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. तंत्र कुठलं का असेना, ते कुलूपबंद नसावं.

पण नोंद जितकी बारीक, तितकी मला धास्ती जास्त. व्हिडिओ कुठं थांबवला, किती वेळा मागं नेला, रात्री किती वाजता उघडला. शिकवणाऱ्याला यातून कळतं की पोरं कुठं अडतायत, आणि ते फार मोलाचं आहे. तीच माहिती साहेबाच्या हातात गेली की ‘रात्री अकराला कोर्स केला म्हणजे दिवसा काय करत होता?’ असा प्रश्न येतो. आणि मुलांचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. त्याचबरोबर सरकारला सूट देण्याचा अधिकारही ठेवला, आणि २०२५ च्या नियमांत शाळा-कॉलेजांना शैक्षणिक कामापुरती ती सूट मिळाली. सूट असावी, नाहीतर मास्तरांना मार्कसुद्धा लिहिता येणार नाहीत. पण ‘शैक्षणिक कामापुरती’ ही रेघ कुठं संपते? शाळेनं अ‍ॅप सुचवलं की आपण डोळे झाकून ‘अ‍ॅग्री’ दाबतो. पालकसभेत एवढं तरी विचारा, की नोंदी कुठं राहतात, कोण बघतं आणि पोरगं शाळा सोडून गेलं की त्या पुसतात का.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्यावर येतो. तुमच्यापैकी बरेच जण पतसंस्थांवर संचालक आहात, कुणी शिक्षण संस्थेवर, कुणी नगरपालिकेत. ट्रेनिंगच्या निविदा तुमच्या टेबलावरून जातात. त्यात एक ओळ हमखास असते, ‘कोर्स स्कॉर्म सुसंगत असावेत’. ही ओळ एका निविदेतून दुसरीत उतरवली जाते आणि तिचा अर्थ कुणालाच बघायचा नसतो. कुठली आवृत्ती? मूडल ही फुकट, मुक्त सिस्टीम आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत आहे. ती १.२ नीट चालवते, २००४ पूर्णपणे चालवत नाही. तुमच्याकडे मूडल असेल आणि ठेकेदारानं २००४ मध्ये कोर्स दिला, तर तोही खरा, तुम्हीही खरे, आणि वर्तुळ काही हिरवं होत नाही. म्हणून आवृत्ती आकड्यानं लिहा.

दुसरं असं, की झिप फाईल म्हणजे भाजून झालेली भाकरी. तिच्यात मीठ कमी पडलं तर पीठ लागतं. कोर्सची मूळ फाईल, ज्यात बदल करता येतो ती, ताब्यात द्यायची अट नसेल तर नियम बदलला की त्याच कोर्ससाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नोंदी. कुणी, कधी, कितव्यांदा, किती मार्क, किती वेळ, अशा कच्च्या नोंदी दर तीन महिन्यांनी उतरवून आपल्याकडे घ्यायच्या. करार संपल्यावर नाही, चालू असताना. संपल्यावर कुणी फोन उचलत नाही. शिवाय शेवटचं बिल काढण्याआधी तोच कोर्स एका वेगळ्याच सिस्टीमवर चढवून बघायचा. साध्या मोबाईलवर, आडवा आणि उभा धरून, मधेच बंद करून, नेट घालवून, मराठी नाव टाकून. आणि बघायला ऑफिसातला कॉम्प्युटरवाला बसवू नका. ज्यांच्यासाठी कोर्स आहे त्यातल्याच चारजणांना बसवा.

रुग्णालयात आम्ही शेवटी दोन गोष्टी केल्या. ‘समाप्त’चं बटण काढून टाकलं, परीक्षा संपली की निरोप आपोआप जातो. आणि मेट्रन मॅडमनी एक वही घातली. कोर्स झाला की वॉर्डमध्ये उभं राहून चार वस्तू दाखवायच्या, कुठल्या पिशवीत ते विचारायचं, सिस्टरची सही. तीन मिनिटांत पास झालेल्यांतले बरेच जण तिथं अडकले. मावशींचा कागद मागं घेतला, वेतनवाढ फरकासह मिळाली. एचआरनं मात्र त्यांच्या फाईलला लावलेली मूळ विचारणा काढली नाही, नुसता वर ‘निकाली’ असा शिक्का मारलाय.

निविदेत घालायच्या अटींचा मराठी मसुदा मी लिहून ठेवलाय, दीड पान आहे. ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा. बदल करून वापरा, माझं नाव टाकायची गरज नाही.